पाणथळ जागेचा चिखल, गवत आणि गावाचे हात

प्रश्न : मी गंगाखेडला माध्यमिक शाळेत शिकवते. परदेशात काही ठिकाणी तळ्याकाठी, दलदलीच्या कडेला गावकरी जमतात आणि तिथलंच गवत, देवनळ, चिखल वापरून मांडव, आडोसे, बसायच्या जागा बांधतात, त्यातून माणसं त्या जागेशी पुन्हा जोडली जातात, असं वाचनात आलं. मुलांना मात्र आम्ही उलटंच शिकवतो. पाणथळ जागा वाचवायची तर माणसाने तिच्यापासून लांब राहावं, असं. मग यातलं खरं काय? आणि आपल्याकडे, गोदाकाठी, असं एकत्र येऊन बांधणं कधी होतं का?
— एक वाचक भगिनी, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. होतं. गंगाखेडच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, माळवद कसं घालायचे ते सांगेल. सांगताना त्याचे हात हलतील, कारण ते काम त्याने स्वतः केलेलं असेल.

मराठवाड्यातलं गाव दोन मातींवर उभं असायचं. शिवार काळीचं, वस्ती पांढरीची. काळ्या मातीत जी चिकण असते ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात आपल्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीची भिंत पहिल्याच वर्षी तडकते. म्हणून घराला पांढरी माती लागायची. जुन्या गढ्यांचे ढिगारे, ओढ्याचा काठ, तळ्याचा तळ अशा ठिकाणची ही माती. कुठल्या काठाची माती भिंतीला चालते, कुठली माळवदाला आणि कुठली फक्त सारवणाला, हे गावातल्या बाईमाणसालाही ठाऊक असायचं. कुंभाराची खाण वेगळी, पोळ्याच्या बैलांची माती वेगळी. म्हणजे नदीचा, ओढ्याचा, तळ्याचा प्रत्येक काठ कुणीतरी ओळखत होतं, कारण तिथून काहीतरी घरी यायचं.

मातीपुरतंच नव्हे. पाण्याकाठची शिंदी चटयांना आणि झाडूंना जायची. वाळा, देवनळ, लव्हाळा, पाणकणीस यांचा कुठे ना कुठे उपयोग होता: छपराला, आडोशाला, बांधायला, विणायला. आपण ज्याला आज ‘दलदल’ म्हणून नाक मुरडतो, ते त्या काळी गावाच्या बांधकामाचं कोठार होतं.

आता एकत्र येण्याचं. माळवद एकट्यादुकट्याचं काम नव्हतं आणि त्याला व्यवहारी कारण होतं. भिंतीवर तुळया, त्यावर सरे, त्यावर किलचा, त्यावर लिंबाचा पाला किंवा काटक्यांचा थर आणि मग ओल्या मातीचा गारा. हा गारा खणभर आज आणि खणभर उद्या असा घालता येत नाही. सांधा पडला की पावसाळ्यात तिथूनच गळणार. सगळं छप्पर एका दमात व्हायला हवं आणि त्यासाठी एका दिवशी वीस-पंचवीस माणसं हवीत. एवढी मजुरी कुणाला परवडणार? म्हणून सावड. आज तुमच्या घरी आम्ही, उद्या आमच्या घरी तुम्ही. शेतात नांगरटीला जशी इर्जिक व्हायची, शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन यायचे आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालायचा, तीच रीत घराच्या कामालाही होती. पैसा फिरत नव्हता, माणसं फिरत होती.

गारा करायची पद्धत मुद्दाम जरा सविस्तर सांगतो, कारण शाळेत मुलांना हीच आधी दाखवता येईल. मातीचा ढीग करून मध्ये आळं करायचं आणि पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी त्यात गव्हाचा भुस्सा किंवा कडब्याचं बारीक भुस आणि शेण घालायचं आणि तुडवायला सुरुवात करायची. काम मोठं असेल तर बैल, छोटं असेल तर माणसं. टाचेखाली खडा लागला की वाकून काढायचा. तासाभरात चिखलाचा पोत बदलतो. आधी तो पायाला सोडत नाही, मग सोडायला लागतो. तुडवलेला गारा झाकून चार-आठ दिवस कुजू द्यायचा, रोज पाणी मारायचं, पुन्हा तुडवायचा. त्याला आंबूस वास आला, भुसा मऊ पडला की तो तयार झाला. परीक्षा सोपी आहे. लिंबाएवढा गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून टाकायचा. फुटून विखुरला तर वाळू जास्त आहे, भाकरीच्या गोळ्यासारखा थापला गेला तर पाणी जास्त आहे. तडा जाऊनही गोळा गोळाच राहिला तर भिंतीला लागा.

ही परीक्षा कुठल्याही पुस्तकात वाचून कळत नाही. हाताला कळते. माती हाताला कळली की ती जिथून आणली तो काठही डोळ्यांना वेगळा दिसायला लागतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

माणसाचं एखाद्या जागेवर प्रेम बसतं ते तिची नुसती माहिती ऐकून नाही. त्या जागेशी काम पडावं लागतं आणि ते पुन्हा पुन्हा पडावं लागतं. माळवदाची गंमत त्याच्या घालण्यापेक्षा त्याच्या डागडुजीत होती. दर वर्षी मृगाच्या आधी वरचं गवत उपटायचं, फटी बुजवायच्या, नवी माती टाकून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. म्हणजे दर वर्षी काठावर जायचं. ओढ्यात कुणी घाण टाकली, तळ्याचा काठ कुणी नांगरला, तर ते गावाला त्या वर्षीच कळायचं. घरांवर पत्रा आणि स्लॅब आला आणि काठाची गरज संपली. गरज संपलेली जागा मोकळी दिसते आणि मोकळ्या जागेवर कचरा पडतो, नाही तर वाळूचा टिपर येतो. गोदाकाठी आज जे दिसतं ते असं घडलं, असं माझं मत आहे. सिमेंट हे त्याचं एकमेव कारण नाही, पण काठाशी असलेलं रोजचं नातं तुटलं त्याचा त्यात मोठा वाटा आहे.

तरी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर हे सगळं जुन्याचं कौतुक होऊन बसेल.

पहिली गोष्ट बायकांची. मातीच्या घराची सगळी मेहनत गावाने वाटून घेतली नाही. माळवदाला गाव जमायचं, पण भिंती पोतारायच्या आणि जमीन सारवायची ती घरातल्या बाईने, आणि तेही आयुष्यभर. तुमच्या गंगाखेडच्या जनाबाईंची जी कथा घराघरात सांगतात, कबीर भेटायला आले तेव्हा त्या गोवऱ्यांवरून भांडत होत्या आणि त्यांच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं, तिच्यातही शेण-मातीचं हे काम बाईच्याच वाट्याला आहे. ज्या मावशीने चाळीस वर्षं सारवलं आणि मग घरकुलात फरशी आल्यावर सुटकेचा श्वास टाकला, तिला मातीच्या घराचे फायदे सांगायला जाऊ नये. नव्याने काही करायचं असेल तर ते घर नसावं, सगळ्यांच्या मालकीची जागा असावी आणि तिची सारवण-लिंपणही मुलगे आणि मुली दोघांनी करावी.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. ६ रिश्टरच्या थोड्या वरचा भूकंप. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं जाण्याचं मोठं कारण घरांची बांधणी हे होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये मातीची भर, दोन्ही बाजूंना सांधणारा लांब दगड नाही. वर दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून जाड आणि जड झालेलं माळवद. भिंती फाकल्या आणि सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. त्याच गावांत लाकडी मेढींवर उभी असलेली हलकी घरं, कुडाच्या भिंती आणि गवताची छपरं बऱ्याच ठिकाणी टिकली. हिंगोली जिल्ह्यात २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये धक्के बसले, ते तुम्हालाही परभणी जिल्ह्यात जाणवले असतील. तेव्हा मातीने बांधा, पण डोक्यावर माती घेऊ नका. छप्पर हलकंच हवं. या बाबतीत भावनेला जागा नाही.

आता महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगतो, जे तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचं आहे. ते मराठवाड्यातलं नाही. पार पूर्वेला, भंडारा-गोंदिया भागातलं आहे.

तिथे गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने तळी बांधली. नुसत्या मातीची पाळ, उताराला आडवी घातलेली. शेताला पाणी सोडायला तुडूम आणि जादा पाणी निघून जायला सलंग. एका तळ्याचं पाणी दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, अशा साखळ्या. नवेगाव बांधचं प्रसिद्ध तळं याच परंपरेतलं. पूर्व विदर्भात आजही अशी सहा हजारांवर तळी मोजली जातात, त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. ‘माजी’ अशासाठी, की मालगुजारी कायद्याने १९५० साली रद्द झाली आणि तळी सरकारच्या ताब्यात गेली. तोवर पाळीची डागडुजी आणि गाळ काढणं हे गावाच्या अंगावरचं काम होतं. उन्हाळ्यात लोक जमायचे, तळ्यातला गाळ उचलायचे, पाळीवर आणि शेतात टाकायचे. मालकी बदलली तशी ही जबाबदारीही बदलली. तळं आता ‘त्यांचं’ झालं. गाळ साठत गेला, काठावर बेशरमची झुडपं माजली, बाजारात खपणाऱ्या मोजक्या जातींचे मासे सोडले गेले आणि पाण्यातल्या मूळच्या वनस्पती दिसेनाशा झाल्या. त्याबरोबर स्थानिक मासे गेले आणि पक्षीही.

मनीष राजनकर आणि त्यांची भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था इथे गेली अनेक वर्षं काम करते आहे. त्यांनी सुरुवात केली ती ढिवर समाजातल्या मासेमारांना विचारून. कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, कुठली वनस्पती उथळात येते, कुठली खोलात, कुठल्या कंदावर कुठला पक्षी येतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण ते कुणी विचारलं नव्हतं. मग काम ठरलं. उन्हाळ्यात तळं आटलं की बेशरम मुळासकट उपटायची. तळाचा एक तुकडा नांगरायचा. पाऊस सुरू झाला की ज्या तळ्यात मूळच्या वनस्पती अजून शिल्लक आहेत तिथून रोपं आणि कंद आणून चिखलात लावायचे. काही पाण्याखाली राहणाऱ्या, काही पानं तरंगणाऱ्या, काही काठाला उभ्या वाढणाऱ्या. ढिवर बायकांचे गट या कामात पुढे आले. गुडघाभर चिखलात उभं राहून, भाताची रोवणी करावी तशी त्यांनी तळ्याची रोवणी केली. पुढे त्या तळ्यांत स्थानिक मासे वाढले आणि मासेमारी संस्थांच्या बैठकीत बायका बोलायला लागल्या. याला कुणी ‘बांधकाम’ म्हणणार नाही कदाचित. मी म्हणतो. मातीची पाळ आणि तिच्यामागची जिवंत वनस्पती मिळून तळं होतं, आणि ते दोन्ही माणसांच्या हातांनी उभं राहिलेलं आहे.

तुमच्या गोदावरीवरही एक साक्ष आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा घातला. त्यामागे गाळ साठला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात हजारो पक्षी येऊ लागले. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून आज जी ओळखली जाते ती ही. माणसाने घातलेल्या बंधाऱ्यातून झालेली. रामसर करार झाला २ फेब्रुवारी १९७१ ला, इराणमधल्या रामसर गावी. त्या कराराच्या गाभ्यालाच ‘सुज्ञ वापर’ हे तत्त्व आहे. माणसाला हाकलून द्या, असं तो करार सांगत नाही. जपून वापरा, असं सांगतो. तेव्हा मुलांना शिकवताना एवढा बदल जरूर करा. घरट्यांच्या दिवसांत लांब राहायचं, हे खरं. एरवी जायचं, बघायचं, काम करायचं आणि जाताना काही घाण ठेवायची नाही.

परदेशातली दोन उदाहरणं सांगण्याजोगी आहेत. इराकच्या दक्षिणेला तैग्रिस-युफ्रेटिसच्या दलदलीत राहणारे अरब देवनळाच्या उंच काड्यांचे जाडजूड भारे करतात, दोन्ही बाजूंनी वाकवून कमानी बांधतात आणि त्यावर देवनळाच्याच चटया टाकून मोठा दिवाणखाना उभा करतात. त्याला मुधीफ म्हणतात. खिळा नाही, लाकूड नाही. तशाच आकाराच्या इमारती तिथल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव कामात दिसतात. सद्दाम हुसेनच्या राजवटीने १९९१ च्या उठावानंतर ही दलदल मुद्दाम कोरडी पाडली. देवनळ गेलं, म्हशी गेल्या, माणसं विस्थापित झाली. २००३ मध्ये राजवट कोसळताच लोकांनी स्वतः बांध फोडून पाणी परत आत घेतलं. २०१६ साली ही दलदल जागतिक वारसा यादीत गेली. आज धरणं आणि दुष्काळ यांनी ती पुन्हा संकटात आहे, हेही खरं. पण बांध फोडायला माणसं धावली, कारण त्यांचं घर त्या पाण्यातून उगवत होतं.

दुसरं आफ्रिकेतल्या मालीचं. जेने गावची मोठी मशीद आजच्या रूपात १९०७ साली बांधली, सगळी मातीची. बानी नदीच्या पूरमैदानातला चिखल आणून, त्यात तांदळाचा कोंडा घालून तो खड्ड्यांत कुजवतात आणि दर वर्षी ठरलेल्या दिवशी सारं गाव मिळून मशिदीला नवं लिंपण करतं. गवंडी वर चढतात, पोरं चिखल पोचवतात, बायका पाणी आणतात. आपला भुस्सा आणि त्यांचा कोंडा, बाकी कृती तीच. ही मशीद एकदाच भक्कम बांधून ठेवली असती तर गाव दर वर्षी नदीवर गेलं नसतं. परदेशी उपक्रमांबद्दल माझं मत विचाराल तर इथेच येऊन थांबतं. एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत मांडव बांधून, फोटो काढून जे निघून जातात, त्यांचं आणि त्या जागेचं नातं फोटोपुरतंच राहतं. दर वर्षी डागडुजीला जे परत येतात त्यांचं टिकतं.

प्रश्न : पण आपण देवनळ, पाणकणीस कापलं तर पक्ष्यांची घरटी जाणार नाहीत का?

उत्तर : वेळ चुकली तर जातील. आपल्याकडे जांभळी पाणकोंबडी, सुगरण आणि पाणकाठचे बहुतेक छोटे पक्षी पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे घरटी करतात. पौष ते फाल्गुन या दिवसांत देवनळ वाळून पिवळं पडलेलं असतं, घरटी रिकामी असतात आणि काडीही पक्की झालेली असते. कापायचं ते तेव्हा, विळ्याने, आणि मुळं न उपटता. जमिनीखालचे कंद शाबूत राहिले की पावसाबरोबर पुन्हा फुटतं. सगळं कधीच कापू नये. एक तृतीयांश कापावं, बाकीचं राखावं आणि पुढच्या वर्षी जागा बदलावी. इंग्लंडच्या नॉर्फोकमधले छपरं शाकारणारे असंच हिवाळ्यात देवनळ कापतात आणि तिथले निसर्गरक्षकच त्याला प्रोत्साहन देतात, कारण न कापलेलं देवनळ दाटत जातं, त्यात झुडपं शिरतात आणि शेवटी पाणथळ जागा कोरडी पडते. आपल्याकडे पाणकणसाचं तेच होतं. ते एकदा माजलं की सगळं पाणी झाकून टाकतं. त्याची पानं कापून वापरली तर पक्ष्यांना उघडं पाणी मिळतं. बेशरम मात्र मुळासकट काढा, तिच्यावर दया करू नका.

प्रश्न : आमच्या शाळेने काय बांधावं? आणि कुठे?

उत्तर : छोटं बांधा. पक्षी पाहायला एक आडोसा आणि त्यामागे बसायला एक ओटा, एवढंच. दगडी जोतं गुडघाभर उंच घ्या. त्यावर बांबूच्या मेढी, तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा कुड आणि दोन्ही बाजूंनी गाऱ्याचं लिंपण. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी ठेवा. वर देवनळाचं आणि उसाच्या पाचटाचं छप्पर, त्याला पुढे आलेली मोठी वळचण, म्हणजे पावसाची झड भिंतीला लागणार नाही. तुमच्या भागात ऊसही आहे, तूरही आहे, कापूसही आहे. बाहेरून जवळजवळ काहीच विकत आणावं लागणार नाही. पाचट पेट घेतं, तेव्हा तिथे चूल किंवा शेकोटी कधीही नको. आणि खास पावसाळ्यात कुलूप लावून विसरून जाऊ नका. भिंतीचा खालचा भाग तेव्हाच भिजतो.

जागेबद्दल जरा जपून. गोदावरीच्या पात्रात किंवा निळ्या पूररेषेच्या आत काही उभारू नका. नदी येते तेव्हा कुणाचंच ऐकत नाही. तुमच्या तालुक्यातल्या मासोळी प्रकल्पाच्या जलाशयाचा वरचा उथळ काठ किंवा गावतळं यांचा विचार करता येईल, पण त्यासाठी जलसंपदा विभाग, ग्रामपंचायत किंवा नगर परिषद यांची लेखी परवानगी आधी घ्या. माती उचलायची तर तहसील कार्यालयात विचारा. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, ती इथे सांगतो. पाणथळ जागांच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून नदीची पात्रं आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. म्हणजे गंगाखेडचा गोदाकाठ काय आणि मासोळीचा जलाशय काय, त्या नियमांचं संरक्षण त्यांना मिळत नाही. कायदा जिथे पोचत नाही तिथे गावाचं लक्ष पोचावं लागतं. म्हणून तर शाळेने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

बांधण्याआधी एक प्रयोग वर्गातच करा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरात हलवून ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी तळाला वाळू, त्यावर गाळ, सर्वांत वर चिकण असे थर दिसतील. गोदाकाठची, ओढ्याची, तळ्याची आणि शेतातली, अशा चार बाटल्या ओळीने मांडा. कुठली माती भिंतीला घ्यायची ते मुलंच सांगतील. तंत्राची मदत लागली तर वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, मातीच्या बांधकामावर त्यांचा जुना अभ्यास आहे. सहल काढणार असाल तर सेवाग्रामची काढा. तिथली माती-बांबूची घरं १९३६ पासूनची आहेत, भिंतींवर मीराबेनने मातीत उठवलेली खजुराची झाडं अजून आहेत, आणि ती टिकली याचं कारण त्यांची नेमाने होणारी डागडुजी.

वेळेचा हिशेब सोपा आहे. पौषात देवनळ कापा, फाल्गुनात माती आणा, परीक्षा संपल्या की चैत्रात गारा करा आणि वैशाखात लिंपण. मृग लागायच्या आत छप्पर शाकारून झालं पाहिजे. आणि या सगळ्याच्या आधी, या आठवड्यातच एक काम करा. तुमच्या किंवा शेजारच्या गावात ज्याने स्वतःच्या हाताने माळवद घातलं आहे किंवा कुड विणला आहे असा म्हातारा आणि जिने वर्षानुवर्षं भिंती लिंपल्या आहेत अशी म्हातारी शोधा. त्यांना शाळेत पाहुणे म्हणून बोलवा, खुर्चीवर बसवा, मानधन द्या आणि ते काय सांगतात ते मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावा. असे हात आता गावागणिक बोटांवर मोजण्याएवढेच राहिले आहेत.